पदाची मालकी

एकच पद दोन गायकांच्या कंठांतून ऐकावे आणि यांतले खरे कोणाचे असा प्रश्न मनात उभा राहावा, हा अनुभव गाण्याचे वेड असलेल्या कोणाही माणसाला नवा नाही. परंतु जोपर्यंत हा प्रश्न बैठकीतल्या गप्पांचा असतो तोपर्यंत त्याचे उत्तर न देताही उठून जाता येते, आणि ज्या दिवशी तो निकालाचा होतो त्या दिवशी मात्र, आपण आजवर जिला निव्वळ आवडनिवड समजत होतो तिच्या बुडाशी न्याय-अन्यायाचे केवढे प्रकरण दडले आहे, हे ध्यानात येऊन हातातली लेखणी थबकते. नाट्यसंगीताच्या एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो असता माझी अशीच अवस्था झाली. अंतिम फेरीत दोन मुलींनी योगायोगाने एकच पद निवडले होते: ‘स्वयंवरा’तले रुक्मिणीचे भूपातले. पहिलीने बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणरावांच्या, तबकडीवरचे पद हरकती-मुरकतींसह इतके हुबेहूब उभे केले की मागे बसलेल्या वृद्ध श्रोत्यांचे डोळे भरून आले. दुसरीने त्यातल्या निम्म्याहून अधिक ताना गाळल्या, लय उतरवली, आणि तबकडीत जे शब्द ओघात निघून जातात त्यांतल्या दोन-तीन शब्दांवर ती एवढा वेळ थांबली की पद जणू पहिल्यांदाच कानी पडत आहे असे मला वाटले. श्रोत्यांची दाद मात्र तिला तुटकच मिळाली. गुणपत्रिकेत ‘मूळ चालीशी इमान’ नावाचा एक रकाना होता, आणि नेमका तोच मला भरता येईना. पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावयाची होती, म्हणून रात्री जेवण आटोपून मी मामांकडे गेलो.

मामा दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होते. अस्सल दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांतला भेद पारखण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर तीच शिस्त त्यांनी आपल्या तबकड्यांच्या संग्रहाला लावली; तबकडीचा क्रमांक, गायक, राग, कोठून मिळाली, कितीला मिळाली, हे सारे एका जाड बांधणीच्या वहीत त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात नोंदलेले असे. गंधर्व मंडळीचा उतरता काळ त्यांनी लहानपणी प्रत्यक्ष पाहिला होता, आणि त्या थोड्याशा रात्रींवर त्यांची उरलेली सगळी श्रवणभक्ती उभी होती.

हकीकत ऐकून घेऊन ते म्हणाले, “यात पेच कसला पडला तुला? पहिलीला पहिला क्रमांक दे. ज्याच्या नावावर पद आहे त्याच्या पदाला कोठेही धक्का न लावता जिने ते तुमच्यापुढे ठेवले, तिने सोपवलेले काम चोख केले. दुसरीने आपली हुशारी दाखवली. हुशारीला बक्षीस द्यायचे असेल तर तशी निराळी स्पर्धा भरवा.”

“नावावर आहे म्हणजे कोणाच्या, मामा? शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची आणि गळा नारायणरावांचा. यांतला धनी कोण?”

“तिघे मिळून एक. १९१६ साली हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा बुवांनी चाली बांधल्या त्या या शिष्याचा गळा पुढे ठेवून. तेथे चालीची आणि गळ्याची वाटणी मागणारा माणूस एकत्र कुटुंबात चुलीची वाटणी मागणाऱ्यासारखा आहे.”

“पण बुवांनी तरी ती चाल कोऱ्या पाटीवर लिहिली असे कोठे आहे? भूपातला एक प्रसिद्ध ख्याल घेऊन त्यावर मराठी शब्द बसवले गेले. त्या ख्यालाच्या रचनाकाराला कोणी विचारले होते? आणि बुवांची स्वतःची तालीम पाहा: फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ, म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांचे पाणी त्या एका गळ्यात उतरलेले. त्या गळ्यातून बाहेर पडताना तो ख्याल जसाच्या तसा राहिला असेल हे कसे मानायचे? म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेही कोणाला तरी उमजलेले रूपच आहे. मालकीची साखळी मागे मागे नेत गेले तर शेवटी हाती कोणीच लागत नाही.”

“मागे न्यायचीच नाही,” मामा शांतपणे म्हणाले. “कायदासुद्धा एका मुदतीपलीकडे मागे पाहत नाही. पुष्कळ वर्षे, उघडपणे आणि कोणाची हरकत न येता जी वहिवाट चालत आली, तिचाच पुढे हक्क होतो. नारायणरावांच्या गाण्याची वहिवाट महाराष्ट्राच्या कानांत पडून गेली आहे. ती मोडायची तर मोडणाऱ्याने सबळ कारण दाखवले पाहिजे. जपणाऱ्याकडे कारण मागण्याची रीत नाही.”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला असता. पण मला दीनानाथ आठवले. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या होत्या. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराची पदे आपल्या निराळ्याच चालींत म्हटली, त्यांतले एक पद तर मुलतानीत नेऊन बसवले, आणि आज ती पदे गाणारे बहुतेक गायक दीनानाथांचीच वाट धरतात. मी म्हटले, “मामा, टेंब्यांच्या चालींचीही वहिवाट होतीच ना? ती मोडणाऱ्याचीच आता नवी वहिवाट झाली. उद्या या दुसऱ्या मुलीचे गाणे पन्नास वर्षे टिकले, तर तुमच्यासारखाच कोणी शिरस्तेदार तिच्या बाजूने उभा राहील.”

“राहू दे. पण दीनानाथांनी जे केले ते उघड केले. टेंब्यांची चाल म्हणून त्यांनी आपली चाल कोणाच्या गळी उतरवली नाही. नव्या दस्तावर जुनी तारीख घालणे हा गुन्हा आहे. नवा दस्त करणे हा गुन्हा नव्हे. तुझी ती मुलगी नवी चाल घेऊन आली असती तर मला तक्रार नव्हती. ती नारायणरावांचेच पद म्हणून उभी राहिली आणि त्यात आपल्या मर्जीने काटछाट केली, हे मला खुपते. आणि जिवंत माणसाविरुद्ध असे केले तर तो उभा राहून सांगेल तरी की बाई, हे माझे नव्हे. मृताला अपील नाही रे.”

हे म्हणताना त्यांचा आवाज किंचित कापला. मृत कलावंताच्या वतीने वकीलपत्र घेऊन उभे राहणारी जी थोडी माणसे समाजात असतात, त्यांच्या हट्टाला आपण सनातनीपणा म्हणून हिणवतो, पण त्या हट्टावाचून आपल्या हाती काही उरले असते का, याचा विचार करीत नाही. भातखंड्यांनी वकिली सोडून गावोगाव उस्तादांच्या मागे फिरून जर चिजा लिहून घेतल्या नसत्या, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या नोंदवल्या नसत्या, तर पाठभेदांवर वाद घालायला तरी आपल्यापाशी पाठ कोठून आले असते? एकेका चिजेची दोन घराण्यांत दोन रूपे असताना छापण्यासाठी त्यांतले एक निवडताना या गृहस्थाला किती वेळा माझ्यासारखेच थबकावे लागले असेल! तरीही त्यांची स्वरलिपी वाचून जो गायला बसेल त्याच्या गळ्यातून सांगाडा निघेल. कण, मींड, श्वास, शब्दावरचा भार ही कागदावर न उतरणारी सामग्री त्याला कोणाच्या तरी कंठातूनच घ्यावी लागेल. कंठ आला की माणूस आला, आणि माणूस आला की त्याचे उमजणे आले.

“मामा, एक विचारतो. तुम्ही नारायणरावांना प्रत्यक्ष ऐकले आहे. त्यांचे पद प्रत्येक वेळी सारखेच असे?”

“छे! कसे असेल? एका पदाला चार-चार वन्स मोअर पडत, आणि चारही वेळा निराळे काही येई. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँ असले की मग विचारूच नकोस.”

“मग या वहीत नोंदलेली तबकडी त्या चारांपैकी कितवी?”

मामांनी चष्मा काढून पुसला. प्रश्नाचा रोख त्यांच्या ध्यानात आला होता. मी पुढे म्हणालो, “कितवीही नाही. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे पुरतील एवढीच जागा. त्यात मावावे म्हणून गायकाने ते पद आवळून घेतलेले. बाजू संपत आली की लय नकळत पुढे सरकते, शेवटचे आवर्तन लगबगीने मिटते. आज पहिल्या मुलीने ती लगबगसुद्धा उचलली, मामा! मंचावर तिला पुरी दहा मिनिटे दिली होती, घाई करण्याचे काही कारण नव्हते, आणि तरी ती शेवटी नेमकी तेथेच धावली जेथे यंत्राने नारायणरावांना धावायला लावले होते. जो माणूस रंगभूमीवर एका पदाला रात्रभर पुरवीत असे, त्याच्या अडचणीला आपण त्याचा अभिप्राय म्हणावे का?”

“हक्काचा प्रश्न निराळा,” ते बऱ्याच वेळाने बोलले. “मालकाला आपले मृत्युपत्र हजार वेळा बदलता येते, त्याच्या पश्चात जे हाती लागले तेच ग्राह्य धरावे लागते, मग ते घाईत लिहिलेले का असेना. वारसाने ‘वडिलांच्या मनात असे होते’ म्हणून सांगायला सुरुवात केली की घराचा निकाल लागला समज. गीतेचे सातशे श्लोक ठरलेले आहेत म्हणून तर ज्ञानोबांना त्यावर नऊ हजार ओव्या लिहिता आल्या, टिळकांना ‘रहस्य’ लिहिता आले आणि विनोबांना ‘गीताई’ रचता आली. श्लोकच ज्याने त्याने आपापले मानले असते तर टीका कशावर लिहिली असती?”

“हेच तर माझे म्हणणे आहे. गीतेचा श्लोक कोणता आणि टीका कोणती, हे पान पाहून सांगता येते. पदाचे तसे नाही. येथे श्लोक टीकेतच विरघळलेला आहे. केवळ एकाच गायकाकडून ज्याने पद ऐकले, त्याला त्यातले पद किती आणि गायक किती हे कधीच सांगता येणार नाही. हिराबाईंचे ऐकावे, माणिकबाईंचे ऐकावे, मास्टर कृष्णरावांचे ऐकावे. जे प्रत्येकाकडे बदलते ते ज्याचे त्याचे, आणि इतके बदल होऊनही जे टिकून राहते ते पदाचे. लोक म्हणतात, कलावंतांची तुलना करू नये, त्याने रसभंग होतो. मला वाटते, तुलनेवाचून पद आपल्याला भेटतच नाही.”

“आणि टिकून काय राहते म्हणतोस? स्वर?”

कोपऱ्यात त्यांची जुनी पेटी होती. ती पुढे ओढून मी भूपाचे स्वर धरले: सा रे ग, प ग, ध प ग रे सा, गंधारावर ठेहराव ठेवला, धैवताला नुसता स्पर्श करून खाली उतरलो. मग तेच पाच स्वर घेतले, एकही नवा नाही. पण गंधारावरचा मुक्काम हलवून धैवतावर नेला, रिषभ झाकून टाकला आणि तार षड्जाकडून ‘सां ध प’ अशी उतरती रेघ ओढली. पेटीवर मींड निघत नाही, तरी मामांची मान लगेच हलली. “देशकार,” ते म्हणाले. “संध्याकाळची सकाळ केलीस.”

“स्वर तेच, राग गेला. म्हणजे स्वर न बदलताही पद हरवू शकते, आणि चार स्वर गाळूनही ते शाबूत राहू शकते. टिकते ते चलन. कोठे बसायचे आणि कोठून नुसते जायचे, हा विवेक. पहिल्या मुलीने प्रत्येक स्वर जपला, पण कशावर बसायचे हे तिने ठरवलेले नव्हते, तबकडीने ठरवून दिले होते. दुसरी गंधारावर बसली ती स्वतःच्या पायांनी.”

“आणि धैवतावर?”

या प्रश्नाची मला भीतीच होती. दुसऱ्या मुलीने एका शब्दाच्या मोहात पडून धैवत इतका लांबवला होता की क्षणभर भूपाचा काठ सुटून देशकाराचे पाणी पायाला लागले. मी ते सांगितले. मामांना आनंद झाला नाही. उलट ते गंभीर झाले.

“पाहिलेस? मोकळीक घेणाऱ्याचा पाय असा घसरतो. पण तेवढ्यावरून मी तिला नापास करणार नाही. माझी खरी तक्रार दोघींवर आहे, आणि तुझ्यावरही आहे. तू मघापासून तबकडी आणि राग या दोनच पक्षकारांची कैफियत चालवतो आहेस. तिसरा पक्षकार न्यायालयाबाहेर उभा आहे, त्याला कोणी पुकाराच केला नाही.”

“कोण?”

“रुक्मिणी.”

मी गप्प बसलो.

“हे पद बैठकीतला ख्याल नव्हे. एका राजाच्या मुलीचे मन कृष्णाकडे गेले आहे, घरात भाऊ विरोधात आहे, आणि आपले मन आपल्या हाती उरले नाही याचा आनंद आणि भय तिला एकदमच होते आहे. नारायणराव गात तेव्हा पहिल्या ओळीला माणसे गाण्याला दाद देत आणि पुढे पुढे गाणारा पुरुष आहे हेही विसरत. आमच्या आईला गाण्यातले काही कळत नसे. घरी परत येताना ती रुक्मिणीविषयी बोलत असे, गाण्याविषयी नाही. ते तबकडीत थोडेच उतरले आहे, हे मीही कबूल करतो. पण तुझ्या पहिलीने गायिले नारायणराव, दुसरीने गायिला भूप. रुक्मिणी कोणी गायिली?”

इतका वेळ मी ज्या तराजूला दोन पारडी समजून बसलो होतो त्याला तिसरे पारडे निघाले. गायकाशी इमान, रागाशी इमान आणि पात्राशी इमान ही तीन इमाने जेथे एकमेकांत मिसळून गेलेली असतात तेथे पद पुरे होते. पण स्पर्धेतल्या विशी-बाविशीतल्या मुलींकडून तिन्ही मागणे हा जुलूम होतो, आणि तिघांपैकी कोणते आधी हे ठरवल्यावाचून रकाना भरत नाही. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हाही रसिकांत असाच तंटा झाला होता. कित्येकांना त्यात नारायणराव सापडले नाहीत म्हणून ते खिन्न झाले. माझ्यासारख्या काहींना असे वाटले की तबकडी ऐकून ऐकून आपल्या कानांवर जी सवयीची साय धरली होती ती या माणसाने बाजूला केली, आणि नारायणराव शब्दाला कसे कुरवाळीत होते हे त्यांची एकही तान न उचलता दाखवून दिले. मी मामांना तसे म्हणालो, आणि दुसरी मुलगी त्या वाटेने जाणारी आहे असेही म्हणालो.

“कुमारांविषयी मला आदर आहे,” मामा म्हणाले, “म्हणूनच त्यांचे नाव तू या मुलीच्या बचावाला वापरू नयेस असे वाटते. कुमार लहानपणी कशासाठी प्रसिद्ध होते, आठवते ना? सात-आठ वर्षांचे पोर मोठमोठ्या उस्तादांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवी आणि लोक तोंडात बोटे घालीत. नक्कल, बाबा! सगळ्या महाराष्ट्रात स्वतंत्र बुद्धीचा म्हणून ज्याचे नाव घेतात त्याने आरंभ नकलेपासून केला. ज्याच्या गळ्यात अस्सल पुरेपूर मुरले आहे, त्यालाच ते सोडून देण्याचा हक्क पोचतो. पहिल्या मुलीपाशी सोडून देण्यासारखे काही आहे. दुसरीपाशी काय आहे?”

“पण मामा, प्रत्येक नकलाकार पोराचा कुमार होत नाही. पुष्कळ जण आयुष्यभर तबकडीच राहतात, आणि त्यांना तसे ठेवण्यात आपल्यासारख्या परीक्षकांचा आणि डोळे पुसणाऱ्या श्रोत्यांचा मोठा हात असतो. देवधर मास्तरांच्या शाळेत आल्यावर त्या पोराला निरनिराळ्या घराण्यांचे गाणे ऐकायला मिळाले, विचार करायला शिकवले गेले. आज मी पहिलीला पहिला क्रमांक दिला तर तिला विचार करण्याची गरज कोण सांगेल?”

“आणि दुसरीला पहिला दिलास तर तिला धैवत सांभाळायची गरज कोण सांगेल?”

दोन्ही बाजू इतक्या सारख्या वजनाच्या होत्या की रात्रभर बसलो असतो तरी त्यांत फरक पडला नसता. पण निकाल देणे भाग होते, आणि निकाल देणाऱ्याने आपण कोणत्या बाजूला झुकतो हे लपवू नये असे माझे मत आहे. तेथेच मामांच्या मेजावर बसून मी गुणपत्रिका भरली. ‘मूळ चालीशी इमान’ या रकान्यात पहिलीला पूर्ण गुण दिले, कारण रकान्याचा जो अर्थ मंडळाला अभिप्रेत होता त्या अर्थी ते तिचेच होते आणि परीक्षकाने रकान्याचा अर्थ आपल्या सोयीने फिरवणे अप्रामाणिक झाले असते; दुसरीचे धैवताबद्दलचे गुण कापले; आणि ‘भाव’ व ‘सादरीकरण’ या रकान्यांत दुसरीला एवढे दिले की बेरजेत ती पहिलीच्या थोडी पुढे गेली. नकलेपासून आरंभ करणे योग्यच आहे, मामांचा तो मुद्दा मी आजही मान्य करतो. पण अंतिम फेरी हा आरंभ नव्हे, आणि जिने जाणूनबुजून एक स्वर निवडला तिची चूकही तिच्या स्वतःच्या मालकीची होती, म्हणून ती तिला सांगता येणार होती. पहिलीला मी काय सांगणार होतो? तिच्या गाण्यात जी एकच चूक होती, ती शेवटची घाई, तीही तिची नव्हती.

मामांनी पत्रिका हातात घेऊन बेरीज तपासली, ती बरोबर असल्याचे सांगितले आणि निकाल चुकीचा असल्याचेही सांगितले. शेरा लिहायला खाली मोकळी जागा होती. तेथे दोन्ही मुलींसाठी एकच शेरा घाल असा त्यांनी आग्रह धरला, आणि तो मी मानला: नाटक मिळवून वाचावे, पदाच्या आधीचा आणि नंतरचा संवाद पाठ करावा, आणि मग हेच पद पुन्हा बसवावे.